जुन्या चिरेबंदी इमारतीची भूकंप-तपासणी: संगणकातल्या लाल रंगावर किती विश्वास ठेवावा?

पाखाडी | शनिवार, रात्री ९:१२

आमच्या गावातील वाचनालयाची इमारत दुमजली आणि जुनी आहे. भिंती जांभ्याच्या, चुन्यात बांधलेल्या आणि दोन फूट जाडीच्या आहेत; वरचा मजला सागवानी तुळयांवर असून छप्पर मंगलोरी कौलांचे आहे. गाव चिपळूणजवळ, खाडीकाठी आहे, त्यामुळे कोयना धरण सरळ रेषेत मोजले तर तीसेक किलोमीटरवर येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे याच इमारतीची कौले अंगणात घरंगळली आणि वरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली, असे वडील सांगत. ती भेग गिलाव्याखाली आजही आहे आणि दर पावसाळ्यात तिच्यावरचा रंग फुगून तिची वाट दाखवतो.

कार्यकारिणीने नुकतीच इमारतीची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी करून घेतली. कोणाकडून, ते येथे लिहीत नाही. अहवालात संगणकीय मॉडेलची रंगीत चित्रे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यावर लाल रंग पसरलेला आहे. निष्कर्ष दोन ओळींचा आहे: भिंतींमधील ताण मर्यादेबाहेर जातो, सबब कौले व लाकूडकाम काढून आरसीसी स्लॅब टाकावा किंवा इमारत उतरवावी. सभेत ती चित्रे हातोहात फिरली, तेव्हा कोणी मजकूर वाचला नाही. लाल रंग पाहूनच निम्म्या सभासदांचे मत झाले. मी स्थापत्य अभियंता असलो तरी माझी सगळी नोकरी रस्ते आणि मोऱ्या बांधण्यात गेली, त्यामुळे अशा मॉडेलचे नेमके काय खरे मानावे, हे मला ठामपणे सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वक्ररेषा | शनिवार, रात्री १०:४०

पाखाडी, मी संरचना अभियंता आहे आणि अशी लाल चित्रे मीही काढलेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या वर्णनावरून हे रेषीय विश्लेषण दिसते. त्यात भिंत म्हणजे एकाच साच्यातून ओतलेला सलग ठोकळा मानतात आणि तो दाबाइतकाच ताणही, म्हणजे ओढही, मुकाट्याने सोसतो, असे गृहीत धरतात. चुन्यातल्या दगडी कामाची ताण सोसण्याची ताकद जवळजवळ शून्य असते. त्यामुळे खिडकीचे कोपरे अशा चित्रात लाल होणारच, आणि शंभर वर्षे बिनतक्रार उभ्या असलेल्या इमारतीतही होणार. प्रत्यक्षात त्या जागी केसाएवढी भेग पडते, भार शेजारच्या चिऱ्यांवर सरकतो आणि भिंत उभी राहते. मॉडेलला भेगेची मुभाच दिलेली नसल्यामुळे ते बिचारे लाल होण्यापलीकडे काही करू शकत नाही.

ब्रिटिश अभियंता जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये दगडी बांधकामासाठी तीन गृहीतके मांडली: दगड ताण अजिबात घेत नाही, दाबाखाली तो चिरडत नाही आणि एक दगड दुसऱ्यावरून घसरत नाही. तिन्ही थोडी ढोबळ आहेत, जांभ्याच्या बाबतीत दुसरे तर जरा जास्तच. पण त्यांमुळे प्रश्न बदलतो. भिंतीत ताण किती, यापेक्षा भिंतीचा कोणता तुकडा कोणत्या कडेवर फिरून कलंडेल, हे विचारावे लागते आणि त्याचे पहिले उत्तर कागदावर निघते.

समजा रस्त्याकडची वरच्या मजल्याची भिंत ४ मीटर उंच आणि ०.६ मीटर जाड आहे. तिचा माथा मोकळा असेल, म्हणजे छपराने तो धरलेला नसेल, तर ती बाहेरच्या कडेवर फिरू लागण्यासाठी लागणारे आडवे त्वरण जाडी भागिले उंची, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ०.१५ पट भरते. आता तोच माथा आडवा सरकणार नाही असा बांधला, तर भिंतीला मध्यावर मोडून दोन तुकड्यांत फिरावे लागते आणि हिशोब चारपट जाडी भागिले उंची, म्हणजे ०.६ पट होतो. वजन, चिरा, चुना यांतले काहीही न बदलता केवळ माथा धरला, एवढ्यानेच चौपट फरक पडला. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंपक्षेत्र ३ चा गुणांक, म्हणजे जमिनीच्या हादऱ्याचे गुरुत्वत्वरणाच्या पटीतले त्वरण, ०.१६ आणि क्षेत्र ४ चा ०.२४ आहे. त्या आवृत्तीच्या नकाशात किनाऱ्याचा मोठा भाग तीनमध्ये आणि कोयनेभोवतीचा पट्टा चारमध्ये येतो. पहिले उत्तर या आकड्यांच्या खाली आणि दुसरे बरेच वर आहे, हे लक्षात घ्यावे.

दोन खुलासे केले पाहिजेत. भिंत हलू लागणे म्हणजे पडणे नव्हे. ती डुलून परत जागेवर बसू शकते. उलट वरच्या मजल्यावर हादरा जमिनीपेक्षा मोठा होऊन पोहोचतो आणि कडेचा चिरा चिरडला की परिणामकारक जाडी घटते, त्यामुळे ०.१५ हा आकडाही उदारच म्हणावा लागेल.

तेव्हा अहवालाच्या परिशिष्टात एवढेच शोधा: तुळई व वासे जेथे भिंतीत शिरतात, तो सांधा मॉडेलमध्ये कसा मानला आहे?

चिरेखाण | रविवार, सकाळी ७:०५

माझी चाळीस वर्षे बांधकामात गेली आणि माझे आजोबा गवंडी होते. संगणकातले मला कळत नाही, पण दोन फुटी भिंत म्हटल्यावर ती आतून कशी आहे, हे आधी पाहावे लागते. एक प्रकार असा की चिरे आडवे-उभे रचून प्रत्येक दोन-तीन थरांनी एक चिरा आरपार टाकलेला असतो. दुसरा प्रकार असा की बाहेरून एक घडीव पदर, आतून एक पदर आणि मध्ये चिपा, माती आणि उरलेला चुना यांची भर. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दुसऱ्या प्रकारात दोन फूट जाडीची एक भिंत नसून नऊ-नऊ इंचांच्या दोन भिंती शेजारी उभ्या असतात, हे ध्यानात घ्यावे.

१९९३ साली किल्लारीला मी मदतकार्यासाठी गेलो होतो. तिथल्या भिंती आपल्यापेक्षा जाड होत्या, पण गोटे मातीत रचलेले होते, दोन पदरांना जोडणारे दगड नव्हते आणि वर माळवदाची जड माती होती. बाहेरचा पदर पोट सुटल्यासारखा बाहेर आला आणि वरची माती आतल्या माणसांवर पडली. आपला चिरा चौकोनी तासलेला असतो म्हणून आपण नशीबवान आहोत, पण आरपार चिरा आहे की नाही, ते पाहिल्याशिवाय बोलू नये.

तपासायला महागडे यंत्र लागत नाही. सायकलच्या चाकाची तार घ्या, तिचे टोक घासून चपटे करा आणि दरजेत सरकवा. तीन-चार इंचांवर अडली तर चुना शाबूत आहे. हातभर आत गेली आणि बाहेर येताना कोरडी माती घेऊन आली, तर आत भर आहे किंवा चुना मेला आहे. शिवाय खिडकीच्या बाजूची लाकडी चौकट थोडी सैल केली, तर भिंतीचा छेदच दिसतो.

पाखाडी | रविवार, सायंकाळी ६:३०

वक्ररेषा, परिशिष्टात सापडले. शब्दशः लिहितो: «तुळया व भिंती यांचे सांधे दृढ मानले आहेत.» दगडी कामाचा कडकपणा «मानक मूल्य» असा दिला आहे, स्रोत नाही. इमारतीवर कोणतेही मोजमाप घेतल्याची नोंद नाही.

चिरेखाण काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे आज दुपारी तार घेऊन गेलो. दक्षिणेकडच्या भिंतीत बारा ठिकाणी पाहिले आणि दहा ठिकाणी ती तीन इंचांच्या पुढे गेली नाही. रस्त्याकडच्या भिंतीत मात्र, जेथे काही वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता, त्याच्या मागे तार सात-आठ इंच सहज गेली आणि टोकाला ओला चिखल लागला. बाहेरून ती सगळ्यात गुळगुळीत, देखणी भिंत आहे.

चिरेखाण | रविवार, रात्री ८:१५

तसेच असते. चुना श्वास घेतो. त्यावर सिमेंट थापले की पावसाचे शिरलेले पाणी परत बाहेर पडत नाही, जांभा ते पीत बसतो आणि ओला जांभा कोरड्याइतका भार घेत नाही. आधी तो गिलावा हलक्या हाताने काढा, मग बाकीचे.

ओटीवरून | सोमवार, सकाळी ११:२०

मी त्याच कार्यकारिणीवर आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. बालविभाग वरच्या मजल्यावर भरतो. उद्या काही झाले तर दरजेत तार घालून पाहिली होती, असे पालकांना सांगता येणार नाही. स्लॅबमुळे चारही भिंती वरून एकत्र बांधल्या जातील, हे वक्ररेषा यांच्याच हिशोबाला धरून आहे: माथा धरला की चौपट. मग स्लॅबला विरोध का? शिवाय मॉडेल निरुपयोगी असेल तर पैसे तरी कशाला घातले, असा प्रश्न सभेत येणारच.

वक्ररेषा | सोमवार, रात्री ९:५०

ओटीवरून, आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि स्लॅबबद्दलचा युक्तिवाद अर्धा बरोबरही आहे. माथा बांधायलाच हवा. कशाने बांधायचा, एवढाच मुद्दा आहे.

मंगलोरी कौले रिपांसह धरली तर वजन दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते. बारा सेंटीमीटरचा स्लॅब त्याच जागेत सुमारे ३०० किलोचा होतो. भूकंपाचा जोर म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, त्यामुळे आपण भिंतीच्या अगदी माथ्यावर, सर्वांत वाईट जागी, साडेचारपट वस्तुमान नेऊन ठेवतो आणि ते पेलण्याची जबाबदारी चिखल भरलेल्या त्या रस्त्याकडच्या भिंतीवर टाकतो. इटलीतील उंब्रिया प्रांतात १९७९ च्या भूकंपानंतर अनेक जुन्या दगडी घरांची लाकडी छपरे काढून सिमेंट काँक्रीटचे पट्टे आणि स्लॅब बसवले होते. सप्टेंबर १९९७ मध्ये पुन्हा धक्के बसले, तेव्हा अशी काही घरे न सुधारलेल्या शेजाऱ्यांपेक्षा वाईट मोडली. वरचे झाकण अखंड राहिले आणि खालच्या गोट्यांच्या भिंती त्याच्याखालून बाहेर निसटल्या. पेटीचे झाकण मजबूत केले, पण पेटीच्या बाजू कुजक्याच राहिल्या.

हेच काम समोरासमोरच्या भिंती एकमेकींना धरून ठेवणाऱ्या लोखंडी ताणसळ्या, भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी फिरणारा लाकडी पट्टा आणि मजल्याच्या फळ्यांवर तिरकी दुसरी फळी ठोकून होते. वजन जवळजवळ वाढत नाही आणि उद्या चुकले असे वाटले तर काढताही येते.

आता मॉडेलविषयी. ते निरुपयोगी आहे, असे मी म्हटलेले नाही. त्याला चुकीचा प्रश्न विचारला गेला, एवढेच. सांधे दृढ मानले की सगळी इमारत एकसंध पेटीसारखी डोलते. जुन्या इमारती क्वचितच तशा डोलतात; एक दर्शनी भिंत किंवा छपराच्या टोकाचा त्रिकोण सुटा होतो आणि एकटाच बाहेर पडतो. नेमका हाच मोडण्याचा प्रकार त्या मॉडेलमध्ये अशक्य करून ठेवला होता. भिंतीला खांब-पट्ट्यांची चौकट मानणारी पद्धत इटलीत फार वापरतात, ती वेगवान आणि चांगली आहे, पण तीही भिंत स्वतःच्या पातळीतच हलेल, असे मानूनच चालते. बाहेर कलंडण्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. पीटर कुंडल यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या सुट्या ठोकळ्यांच्या पद्धतीत प्रत्येक चिरा वेगळा असतो, सांधे उघडतात, घसरतात, आणि भिंत कशी पडते, हे डोळ्यांनी दिसते. मात्र तिला प्रत्येक सांध्याचे घर्षण आणि कडकपणा सांगावा लागतो आणि संपूर्ण इमारतीसाठी गणन अनेक दिवस चालते. मी तुमच्या जागी असतो तर सगळी इमारत चौकटीसारख्या मधल्या प्रतीच्या मॉडेलमध्ये घेतली असती, फक्त रस्त्याकडची भिंत ठोकळ्यांत मांडली असती, आणि तुळयांचे सांधे एकदा पूर्ण धरलेले, एकदा पूर्ण सुटे, अशी दोन्ही टोके चालवून पाहिली असती. उत्तर जिथे सर्वांत जास्त बदलते, तिथे जाऊन शिडी लावायची. ओपनसीजसारखे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. खर्च होतो तो माणसाच्या वेळेचा.

सडा | मंगळवार, दुपारी १:१०

मी भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

इमारत सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, आहे की खाडीच्या भरावावर? जांभ्याच्या सड्यावर हादरा तुलनेने साधा पोहोचतो. खाजणाच्या मऊ गाळावर त्याच धक्क्याची काही कंपने वाढतात आणि जास्त वेळ रेंगाळतात. पाया कशावर आहे, हे एका खड्ड्यात कळते.

दुसरे म्हणजे, मॉडेल खरे आहे की नाही, हे इमारतीलाच विचारता येते. वारा, रस्त्यावरची एसटी आणि खाडीतले पाणी यांच्यामुळे प्रत्येक इमारत सतत अगदी सूक्ष्म थरथरत असते. भिंतींच्या माथ्यावर संवेदनशील कंपनमापक अर्धा-पाऊण तास ठेवले की तिची स्वाभाविक वारंवारिता, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा डोलते, ते मिळते. मोबाइलमधला सेन्सर या कामाला चालत नाही. त्याचा स्वतःचा गोंगाट या थरथरीपेक्षा मोठा असतो. एका जुन्या शाळेच्या इमारतीत आम्ही हे केले, तेव्हा मॉडेल ८ हर्ट्झ सांगत होते आणि मोजमाप ५ हर्ट्झ आले. वारंवारिता कडकपणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने पाचाचा आणि आठाचा वर्ग करून भागाकार केला, तर खरा कडकपणा मॉडेलमधल्याच्या सुमारे ४० टक्केच निघतो. सांधे सैल आहेत, हे त्या एका आकड्याने सांगून टाकले.

आपल्याकडे एक गोष्ट आणखी पाहावी. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे मोजमाप एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये घ्यावे. ओली भिंत जड असते आणि मऊही असते. युरोपातल्या लेखांमधली तक्त्यातली मूल्ये उचलून घेणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

ओटीवरून | मंगळवार, रात्री १०:०२

कंपनमापक मिळण्याची सोय होत असेल तर सभेत ठराव मी मांडतो. तोपर्यंत बालविभाग खाली आणण्यासही माझी संमती आहे. स्लॅबच्या वजनाचा हिशोब पटला. पण लाकडी फळ्या आणि सळ्या या खाऱ्या हवेत किती टिकतील, याचे उत्तर द्यावे लागेल.

पाखाडी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

उशिराबद्दल क्षमस्व. रस्त्याकडचा सिमेंट गिलावा काढला. त्याखाली १९६७ ची ती तिरपी भेग पूर्ण उघडी झाली. ती खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होऊन छपराच्या माथ्यापर्यंत जाते आणि वर जाताना रुंद होत जाते: खाली दोरा जाईल एवढी, वर माझी करंगळी जाईल एवढी. म्हणजे भिंत वरच्या बाजूने बाहेर झुकली आहे. ओळंबा सोडून पाहिला, चार मीटरांत ३ सेंटीमीटर झुकाव भरला. हा झुकाव अहवालाच्या मॉडेलमध्ये नव्हता. तिथे सगळ्या भिंती काटकोनात उभ्या होत्या.

छपराची दोन-दोन कौले काढून अकरा वाशांची टोके पाहिली. रस्त्याकडच्या भिंतीवर वासे नुसते टेकलेले आहेत, ना खिळा ना पट्टी, आणि त्यांतील चार टोकांना वाळवी लागली आहे. दक्षिणेकडे मात्र जुन्या सुताराने वासा लाकडी पट्ट्यात खाच करून बसवला आहे आणि वरून लोखंडी पट्टी वळवली आहे; पट्टी गंजून पापुद्रे सुटले आहेत, पण धरून आहे. एकाच इमारतीच्या दोन बाजू दोन वेगळ्या हातांनी बांधल्यासारख्या वाटतात.

वक्ररेषा यांनी सांगितल्याप्रमाणे एका ओळखीच्या विद्यार्थ्याने दोन्ही टोके चालवून पाहिली. दक्षिणेच्या भिंतीचे सांधे धरले काय, सोडले काय, उत्तर फारसे हलत नाही, कारण तिला मध्ये दोन आडव्या भिंतींचा आधार आहे. रस्त्याकडच्या भिंतीचे सांधे सोडले की ती तुमच्या कागदावरच्या ०.१५ च्याही खाली जाते. सगळा निधी त्या एका भिंतीच्या माथ्यावर घालावा, असा प्रस्ताव पुढच्या सभेत जाईल. सळ्या कोणत्या वापराव्यात, हे अजून ठरलेले नाही.

चिरेखाण | सोमवार, सकाळी ६:५०

साधे लोखंड घालू नका. ते गंजले की फुगते आणि चिराच फोडते. जुन्या बंगल्यांच्या कठड्यांत हे रोज दिसते. जस्ताचा मुलामा किनाऱ्यावर काही वर्षेच पुरतो. स्टेनलेस स्टीलच घ्या आणि तेही ३१६ प्रतीचे. दुकानदार ३०४ माथी मारेल, दिसायला दोन्ही सारखे असते, म्हणून बिलावर प्रत लिहून घ्या. सळईच्या टोकाची बाहेरची पट्टी मोठी ठेवा, निदान एक चिरा पूर्ण झाकेल एवढी, आणि तिच्याखाली चुन्याचा थर द्या. नट एका दमात आवळू नका. झुकलेली भिंत ओढून सरळ करायची नाही, आहे तिथे धरायची आहे. वाशांची वाळवी लागलेली टोके कापायला माझा सुतार गुरुवारी मोकळा आहे, शिडी तेवढी मोठी आणून ठेवा.